घट्ट बांधलेले इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये एम.एस्सी. फिजिक्सच्या मुलांची न्यूक्लिअरची प्रॅक्टिकल्स मी घेते. कॉम्प्टन स्कॅटरिंगचा प्रयोग (गॅमा किरणाचा कण, म्हणजे फोटॉन, इलेक्ट्रॉनवर आदळतो आणि थोडी ऊर्जा त्याला देऊन वळतो) आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात, आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन बघायला आलेले पालक त्यात भर घालतात. म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. क्रम सोप्याकडून अवघडाकडे असा नाही. प्रश्न जसे येतात तसा आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवा. विकिरण म्हणायचं की प्रकीर्णन?

शाळेत शिकताना आकाश निळं दिसतं ते प्रकाशाच्या ‘विकिरणा’मुळे. पेपरात मात्र विकिरण म्हणजे रेडिएशन, लासलगावच्या कांद्यावर करतात ते. विश्वकोशी मराठीत रेडिएशनला प्रारण आणि स्कॅटरिंगला प्रकीर्णन. लॅबमध्ये यातलं कुणी काही म्हणत नाही. मी इथे ‘विखुरणं’ आणि ‘स्कॅटरिंग’ एवढे दोनच शब्द वापरते. ऊर्जेचं एकक किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ते आपण बोलतो तसं केईव्ही.

कॉम्प्टनचं सूत्र इलेक्ट्रॉन मोकळा धरतं. अणूतला इलेक्ट्रॉन मोकळा कुठे असतो?

नसतोच. हा प्रश्न पहिल्याच तासाला विचारणारा विद्यार्थी मला आवडतो, कारण बाकीचे सूत्र पाठ करून मोकळे होतात.

खुंट्याला दाव्याने बांधलेला बैल डोळ्यांसमोर आणा. खुंटा म्हणजे अणुकेंद्र, दावं म्हणजे बंधन ऊर्जा. फोटॉन येऊन बैलाला धडकतो. धडक एवढी जबरदस्त असेल की दावं सुताच्या धाग्यासारखं तुटेल, तर बैल मोकळाच होता असं धरून हिशेब केला तरी फारसं बिघडत नाही. सूत्र चालतं ते या अर्थाने.

आता आकडे घ्या. आपल्या लॅबमधला स्रोत सीझियम-१३७, त्याचा गॅमा ६६२ केईव्हीचा. सूत्र असं (५११ म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा, केईव्हीत):

विखुरलेली ऊर्जा = मूळ ऊर्जा ÷ [१ + (मूळ ऊर्जा ÷ ५११) × (१ − कोनाचा कोसाइन)]

९० अंशांना उत्तर येतं २८८ केईव्ही. म्हणजे इलेक्ट्रॉनला मिळाले ३७४. सगळ्यात आतल्या के-कवचातला इलेक्ट्रॉन सोडवायला कार्बनमध्ये ०.२८ केईव्ही लागतात, ॲल्युमिनियममध्ये १.५६, तांब्यात ९, कथिलात २९, शिशात ८८, युरेनियममध्ये जवळपास ११६. ३७४ च्या पुढे कार्बनचं दावं म्हणजे काहीच नाही. शिशाचं दावं मात्र हातभर जाड आहे. तिथे ‘मोकळा’ म्हणणं ही सोय आहे, सत्य नव्हे.

मग कॉम्प्टनना हे माहीत नव्हतं का?

चांगलंच माहीत होतं. १९२३ च्या त्यांच्या प्रयोगात मॉलिब्डेनमचे सुमारे १७.४ केईव्हीचे क्ष-किरण होते आणि समोर ग्राफाइट. त्यांच्या आलेखात दोन शिखरं दिसतात: एक कमी ऊर्जेकडे सरकलेलं, एक जागच्या जागी. पाठ्यपुस्तकं सरकलेल्या शिखराबद्दल पानभर लिहितात आणि न सरकलेलं एका ओळीत उरकतात. आपला विषय नेमका त्या ओळीत दडलेला आहे. ते दुसरं शिखर बांधलेल्या इलेक्ट्रॉनांचं.

दावं तुटलंच नाही तर काय होतं?

मग धडक एकट्या बैलाला बसत नाही. खुंटा, गोठा सगळं मिळून ती झेलतात. सूत्रात इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या जागी अख्ख्या अणूचं वस्तुमान घाला. शिशाचा अणू इलेक्ट्रॉनच्या पावणेचार लाख पटींहून जड, म्हणून ६६२ केईव्हीचा फोटॉन ९० अंशांत वळूनही गमावतो जेमतेम दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट. किलो नव्हे, साधे. आपल्या दृष्टीने ऊर्जा तीच राहिली. याला रेली स्कॅटरिंग म्हणतात. सगळे इलेक्ट्रॉन एकसुरात विखुरतात म्हणून त्याला सुसंगत स्कॅटरिंगही म्हणतात.

गॅमा किरणांसाठी हे जवळजवळ सगळं पुढच्या दिशेने होतं. ६६२ केईव्ही आणि शिसं घेतलं तर बहुतांश रेली स्कॅटरिंग साधारण १० अंशांच्या आत आटोपतं. मोठ्या कोनावर जे थोडं उरतं ते मुख्यतः के-कवचाचं काम, कारण मोठा धक्का पचवून अणूतच राहण्याची ताकद घट्ट बांधलेल्यांमध्येच असते. बाहेरचे तेवढ्या धक्क्याला सुटून जातात.

न सरकलेल्या ऊर्जेत आणखी दोन वाटेकरी आहेत. एक, खुद्द अणुकेंद्रावरून होणारं थॉमसन स्कॅटरिंग. दुसरं डेलब्रुक स्कॅटरिंग, ज्यात फोटॉन केंद्राच्या विद्युतक्षेत्रावरूनच वळतो. ते १९३३ मध्ये सुचवणारे माक्स डेलब्रुक पुढे जीवशास्त्राकडे वळले आणि १९६९ चं नोबेल त्यांना वैद्यकशास्त्रात मिळालं. मुलांना हे सांगितलं की पाच मिनिटं तास भलतीकडेच जातो.

मोकळ्या इलेक्ट्रॉनचं गणित नेमकं कुठे फसतं?

लहान कोनांवर. हे स्वतः करून बघण्यासारखं आहे, कॅल्क्युलेटर घ्या.

कोन लहान असला की धक्का लहान. सूत्रात कोन कमी कमी करत जा आणि इलेक्ट्रॉनला किती ऊर्जा मिळते ते पाहा. ६६२ केईव्हीसाठी साधारण २८ अंशांना ती ८८ केईव्ही येते, म्हणजे बरोबर शिशाच्या के-कवचाचं दावं तुटण्यापुरती. त्याच्या खाली सूत्र म्हणतं ‘इलेक्ट्रॉनला ६० केईव्ही द्या’, आणि शिशाचा के-इलेक्ट्रॉन म्हणतो ‘८८ पेक्षा कमीत मी उठत नाही’. कथिलासाठी ही सीमा सुमारे १५ अंश. कार्बनसाठी दीड अंश, तिथे आपला डिटेक्टर कधी पोचतच नाही.

पण सीमा म्हणजे कुंपण नव्हे. २८ अंशांखालीही के-इलेक्ट्रॉन बाहेर पडू शकतो, फक्त त्या फोटॉनला सूत्रापेक्षा जास्त ऊर्जा मोजावी लागते. म्हणून तिथे घटना कमी होतात आणि विखुरलेल्या फोटॉनची ऊर्जा सूत्राने दिलेल्या एका आकड्यावर बसत नाही. ५७४ केईव्हीच्या वर ती जाऊच शकत नाही, कारण ८८ तर गेलेच.

हिशेबात हे आणायचं तर क्लाइन आणि निशिना यांच्या १९२९ च्या सूत्राला (मोकळ्या इलेक्ट्रॉनवरून कोणत्या कोनाला किती फोटॉन विखुरतील ते सांगणाऱ्या) ‘असंगत स्कॅटरिंग फंक्शन’ने गुणतात. शून्य अंशाला हे फंक्शन शून्य असतं, मोठ्या कोनांवर वाढत जाऊन इलेक्ट्रॉनांच्या संख्येइतकं होतं. शिशाला ८२.

बांधलेला इलेक्ट्रॉन एका जागी बसलेला असतो का?

अजिबात नाही, आणि इथे बरेच जण चुकतात. दाव्याला बांधलेला बैल खुंट्याभोवती फेऱ्या मारतो; दावं जितकं आखूड तितक्या जोरात. के-इलेक्ट्रॉनचा वेग ढोबळमानाने प्रकाशाच्या वेगाला अणुक्रमांक भागिले १३७ ने गुणून काढतात. कार्बनमध्ये चार टक्के. शिशात साठ टक्के!

येणारा फोटॉन अशा धावत्या इलेक्ट्रॉनवर आदळतो. इलेक्ट्रॉन समोरून येत असेल तर विखुरलेला फोटॉन जास्त ऊर्जेचा, पळून जात असेल तर कमी. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी चढी आणि निघून गेल्यावर उतरलेली ऐकू येते, तसंच. म्हणून एका कोनावर एकच ऊर्जा मिळत नाही, शिखर रुंद होतं. या रुंदीच्या आकाराला कॉम्प्टन प्रोफाइल म्हणतात.

रुंदी ही चूक नसून माहिती आहे. जेसी ड्युमंड यांनी १९२९ मध्ये बेरिलियमवरून विखुरलेल्या रेषेचा आकार पाहून धातूतल्या इलेक्ट्रॉनांचे वेग कसे वाटलेले असतात याचा पुरावा मिळवला, आणि तो फर्मी-डिरॅक सांख्यिकीच्या (एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन, या नियमावरच्या हिशेबाच्या) बाजूचा निघाला. आजही धातू आणि मिश्रधातूंचा अभ्यास या पद्धतीने होतो.

आमच्या लॅबच्या स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले त्या आलेखात) हे दिसेल का?

नाही, आणि दिसलं असं लिहू नका.

आपल्याकडे सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर आहे. ६६२ केईव्हीला त्याचं स्वतःचं शिखरच पन्नासेक केईव्ही रुंद असतं. त्यात काही केईव्हीची वेगामुळे आलेली रुंदी बुडून जाते. जर्मेनियम डिटेक्टर हवा. तिथे शिखर दीड केईव्हीच्या आसपास असतं.

हे मी एवढं ठासून सांगते त्याला कारण आहे. माझ्या स्वतःच्या एम.एस्सी.च्या परीक्षेत मे महिन्याची दुपार होती, लॅबमधला पंखा गरम हवाच फिरवत होता. सकाळी कॅलिब्रेशन केलं, म्हणजे माहीत असलेल्या शिखरावरून ऊर्जेची मोजपट्टी लावली, आणि दुपारी रीडिंग घेतलं. ९० अंशांना २८८ ऐवजी २७० आले. मी जर्नलमध्ये ऐटीत लिहिलं, ‘हा फरक इलेक्ट्रॉनच्या बंधन ऊर्जेमुळे.’ बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला. “अगं, विखुरणारा दांडा ॲल्युमिनियमचा. त्याचं के-कवच दीड केईव्हीचं. अठरा कुठून आणलेस?” उकाड्याने डिटेक्टरचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, उतरला होता, सगळं स्पेक्ट्रम डावीकडे सरकलं होतं. ६६२ चं शिखर पुन्हा तपासलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

तेव्हापासून प्रत्येक कोनानंतर कॅलिब्रेशन तपासायला लावते. मुलं वैतागतात.

मग स्पेक्ट्रममध्ये ७५ केईव्हीला जो उंचवटा दिसतो तो कसला?

तो शिशाच्या विटांचा. स्रोताभोवती आपण शिशाच्या विटा रचतो. गॅमा त्या विटांतल्या के-इलेक्ट्रॉनला उडवतो, रिकाम्या जागी वरच्या कवचातला इलेक्ट्रॉन उतरतो आणि शिशाचा खास क्ष-किरण निघतो, ७३ आणि ७५ केईव्हीचा. आपल्या डिटेक्टरला दोन्ही एकच दिसतात. प्रयोगातल्या चार-पाच खुणांत बांधलेल्या इलेक्ट्रॉनचा हा सगळ्यात सरळ पुरावा आहे, आणि जर्नलमध्ये मुलं त्याला ‘नॉइज’ लिहून मोकळी होतात. तसाच ३२ केईव्हीचा उंचवटा बेरियमचा: सीझियमचं बेरियम होताना केंद्राची ऊर्जा कधी कधी गॅमा न होता थेट के-इलेक्ट्रॉनलाच मिळते. १८४ च्या आसपासचा मात्र मागे वळून आलेल्या फोटॉनांचा, तो साधा कॉम्प्टनच.

शिशाचा हा क्ष-किरण निघतो तो जास्त करून फोटोइलेक्ट्रिक परिणामातून, म्हणजे फोटॉन पूर्ण गिळून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्यातून. एक गोष्ट इथे उलटी आहे, लक्ष द्या. कॉम्प्टनला मोकळा इलेक्ट्रॉन चालतो, फोटोइलेक्ट्रिकला चालतच नाही. एकटा मोकळा इलेक्ट्रॉन फोटॉन पूर्ण गिळू शकत नाही, कारण ऊर्जा आणि संवेग दोन्ही एकाच वेळी जुळत नाहीत. उरलेला धक्का घ्यायला केंद्र लागतं. त्यामुळे केंद्राला जो जास्त घट्ट बांधलेला, त्याचा वाटा मोठा. के-कवचाची मर्यादा ओलांडली की जड अणूंत सुमारे ८० टक्के फोटोइलेक्ट्रिक घटना के-कवचाच्या दोनच इलेक्ट्रॉनांवर होतात. शिशात पाचशे-सहाशे केईव्हीच्या पट्ट्यात कॉम्प्टन आणि फोटोइलेक्ट्रिक तुल्यबळ असतात, म्हणजे आपल्या ६६२ ला दोघंही हजर.

शिशात ८२ इलेक्ट्रॉन. त्यातल्या के-कवचाच्या दोघांवरूनच विखुरलेला फोटॉन कसा ओळखतात?

खरी कारागिरी इथे आहे.

फोटॉनवर ‘मी के-कवचावरून आलो’ असा शिक्का नसतो. पण के-इलेक्ट्रॉन गेला की त्याच क्षणी जागा भरते आणि क्ष-किरण निघतो. म्हणून ज्या मूलद्रव्याचा अभ्यास त्याच्या पातळ पत्र्यावर गॅमा सोडायचा आणि दोन डिटेक्टर लावायचे: एक ठरावीक कोनावर विखुरलेल्या गॅमासाठी, दुसरा फक्त त्या मूलद्रव्याच्या के क्ष-किरणासाठी. दोन्हींत एकाच वेळी नोंद झाली तरच घटना मोजायची. १९६० च्या दशकापासून अशी मोजमापं होत आली. आपल्याकडे पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. पी. पी. काणे यांच्या गटाने या विषयात बरीच वर्षं काम केलं.

क्ष-किरणाची ही खूण जड मूलद्रव्यांतच कामाची. शिशात के-कवचाच्या शंभर रिकाम्या जागा भरल्या तर सुमारे ९६ वेळा क्ष-किरण निघतो. ॲल्युमिनियममध्ये जेमतेम चार वेळा, बाकी वेळा ऊर्जा दुसऱ्याच इलेक्ट्रॉनला मिळून तो बाहेर पडतो. म्हणून या प्रयोगांत कथिल, सोनं, शिसं अशीच नावं दिसतात.

अडचणी दोन, आणि दोन्ही चिवट. पहिली योगायोगाची. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन घटना एकाच वेळी घडल्यासारख्या दिसतात. दोन्ही डिटेक्टरांत सेकंदाला दहा-दहा हजार नोंदी आणि ५० नॅनोसेकंदांचं रिझॉल्व्हिंग टाइम (एवढ्या अंतराने आलेल्या नोंदी यंत्र एकाच वेळच्या समजतं) धरलं, तर दुप्पट काळ गुणिले दोन्ही दर, म्हणजे सेकंदाला १० खोट्या जोड्या. खऱ्या जोड्या याहून कितीतरी कमी असू शकतात. ही खोटी भर निदान मोजून वजा करता येते.

दुसरी जास्त लबाड. फोटोइलेक्ट्रिक घटनेतही के-इलेक्ट्रॉनच उडतो आणि क्ष-किरणही निघतो. उडालेला इलेक्ट्रॉन ५७४ केईव्ही घेऊन पत्र्यातूनच धावतो आणि धावता धावता ब्रेक लागून स्वतः एक फोटॉन सोडतो. तो फोटॉन पहिल्या डिटेक्टरात, क्ष-किरण दुसऱ्यात, वेळ तंतोतंत एक. यंत्र म्हणणार, के-कवचाचं कॉम्प्टन! प्रत्यक्षात विखुरणं झालेलंच नाही. योगायोग नसल्याने वेळेच्या हिशेबाने ही भर वेगळी काढता येत नाही. उपाय एकच: पत्रा पातळ करत जायचं, वेगवेगळ्या जाडीवर मोजायचं आणि आलेख शून्य जाडीपर्यंत ताणायचा. जुन्या मोजमापांत एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, त्यात या लबाडीचा वाटा मोठा आहे असं माझं मत.

विखुरलेल्या फोटॉनची ऊर्जा शून्याकडे नेली तर घटना वाढत जातात असं वाचलं. हे खरं?

हो. बांधलेल्या इलेक्ट्रॉनच्या सिद्धांतात विखुरलेल्या फोटॉनची ऊर्जा शून्याकडे जाते तशी शक्यता अमर्याद वाढते. मोकळ्या इलेक्ट्रॉनमध्ये असं होत नाही, कारण तिथे कोन ठरला की ऊर्जा ठरली. अगदी क्षीण फोटॉन सोडणारी घटना आणि काहीच न सोडणारी फोटोइलेक्ट्रिक घटना यांत फरक करणं शेवटी अशक्य होतं. दोन्हींचा हिशेब एकत्र केला की अनंत गळून पडतं. तोंडी परीक्षेला एवढं पुरतं.

लासलगावला कांद्यावर गॅमा सोडतात. तिथेही हाच प्रकार का? कांदा किरणोत्सारी होतो का?

प्रदर्शनात दरवर्षी निफाड-लासलगावकडचं कुणीतरी हे विचारतंच. लासलगावचं केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये सुरू केलं. स्रोत कोबाल्ट-६०, त्याचे गॅमा ११७३ आणि १३३२ केईव्हीचे. कांदा म्हणजे बहुतेक पाणी. पाण्यातल्या ऑक्सिजनचं सगळ्यात घट्ट दावं ०.५४ केईव्हीचं. तेव्हा कोबाल्टच्या गॅमापुढे कांद्यातले सगळे इलेक्ट्रॉन मोकळेच, आणि कॉम्प्टनचं साधं सूत्र कांद्याला शिशापेक्षा कितीतरी चांगलं लागू पडतं. सुटलेले इलेक्ट्रॉन कोंबाच्या पेशींतल्या डीएनएला इजा करतात, म्हणून कांदा मोड धरत नाही.

किरणोत्सारी होत नाही. त्यासाठी अणुकेंद्र फोडावं लागतं, आणि पाण्यात थोडं जे ड्यूटेरियम असतं त्यालासुद्धा २.२ एमईव्ही, म्हणजे २२०० केईव्ही, लागतात. कोबाल्टच्या गॅमात तेवढा दम नाही. भाव का पडतो, हा पुढचा प्रश्न माझ्या विषयात येत नाही.

पातळ पत्रा हवा तर सराफ बाजारातून वर्ख आणला तर?

ही कल्पना एका मुलीची, आणि मी ती हसण्यावारी नेली नाही. मिठाईवरचा चांदीचा वर्ख एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. पातळ हवा म्हणजे इतकाही नको: त्यात अणूच इतके कमी की आपल्या स्रोतावर दिवसभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जोड्याही मिळायच्या नाहीत. शिवाय चांदीचं के-कवच २५.५ केईव्हीचं, दावं सोन्यापेक्षा बरंच बारीक.

सोन्याचा दहाएक मायक्रॉनचा पत्रा जास्त बरा. त्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, २२ कॅरेटचं चालेल का, त्यात तांबं-चांदी असते. चालेल. दुसरा डिटेक्टर आपण सोन्याच्या ६७ ते ६९ केईव्हीच्या क्ष-किरणांवर लावलेला असतो; चांदीचे के क्ष-किरण २२ च्या आसपास आणि तांब्याचे ८ च्या, ते त्या खिडकीत येतच नाहीत. सोन्याचे अणू मात्र शंभराऐवजी ९१.६ टक्के वजनाच्या हिशेबाने धरायचे. पत्र्याची पावती तिने आणली तर खर्च ऑफिसात कोणत्या खात्यावर टाकायचा, हे अजून ठरायचं आहे.